सिनेमा उतरतो आहे

"उतरतोय, उतरतोय! अरे, पण उतरतोय कुठून? कुठल्या डोंगरावरून?" डॉक्टर टीव्हीवर खेकसले.

टीव्ही ढिम्म. निळ्या पडद्यावर सकाळपासून एकच वाक्य होतं, 'आपला सिनेमा उतरत आहे. कृपया वाट पाहा.' त्याखाली एक पांढरी पट्टी होती आणि ती पुढे सरकते आहे असं कंपनीचं म्हणणं होतं.

डॉक्टर दातांचे. खाली दवाखाना, वर घर. दवाखान्यात त्यांचा आवाज इतका मऊ की खुर्चीत बसलेल्या माणसाला दाढ काढून घेतानासुद्धा आपलेच लाड चालल्यासारखे वाटत. "जरासुद्धा दुखणार नाही हं," असं दिवसभर म्हणून म्हणून साठलेला राग मग जिना चढून वर यायचा आणि घरात मोकळा व्हायचा. बायको एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून ती दमलेली असे, म्हणून घरी नवऱ्याच्या चुका ती शक्यतो तशाच सोडून देई. पण आज तिला राहवलं नाही.

"त्या डिस्का दिल्या नसत्या तर हा प्रसंग आला असता का?"

"डिस्कांचं नाव काढू नकोस!"

डिस्कांचं प्रकरण ताजं होतं. डॉक्टरांकडे सिनेमांच्या डिस्कांनी भरलेलं एक अख्खं कपाट होतं. महिन्याभरापूर्वी त्यांनी एक नवी डिस्क आणली आणि ती नेमकी खुनी कोण हे कळायच्या क्षणी अडकली. खुनी दार उघडून आत येणार, तेवढ्यात चित्र चौकोनाचौकोनांत फुटलं. डॉक्टर तसेच पायांत सपाता घालून दुकानात गेले. डिस्कवाल्यानं डिस्क उजेडात धरली, फिरवली आणि विचारलं, "डॉक्टर, तुम्ही ही कशानं पुसता?"

"मऊ कापडानं."

"कापड मऊ असेल हो. हात जड असेल."

हे ज्या माणसाचं पोट हाताच्या हलकेपणावर चालतं त्याला बोलायचं! डॉक्टरांनी घरी येऊन कपाट रिकामं केलं, सगळ्या डिस्का खोक्यांत कोंबल्या आणि त्याच दिवशी वृद्धाश्रमाला देऊन टाकल्या. पुन्हा आयुष्यात डिस्क घेणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आणि मग हा डबा आला. टीव्हीखाली ठेवायचा, टेलिफोनची तार जोडायची, सिनेमाचं नाव निवडायचं, की सिनेमा तारेतून घरात उतरतो. बसवून देणारा माणूस म्हणाला होता, "बटण दाबा आणि विसरून जा." त्याच्या म्हणण्याचा अर्थ डॉक्टरांना आज कळत होता.

एरवी त्यांनी हेही सहन केलं असतं. पण आज दादा येणार होता.

दादा म्हणजे डॉक्टरांचा थोरला भाऊ. विमा कंपनीतून निवृत्त झालेला. लोकांनी केलेले दावे कसे नामंजूर करायचे, हे त्याचं आयुष्यभराचं काम. गेलं वर्षभर दोघा भावांत बोलणं नव्हतं. कारण एक दात. दादाची दाढ दुखत होती, डॉक्टरांनी ती काढली, आणि घरी गेल्यावर दादाची दाढ पहिल्यासारखीच दुखत राहिली. "चांगला दात काढला आणि किडका ठेवला," असं दादानं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. "दोन्ही किडलेले होते, पहिल्यांदा जास्त किडलेला काढला," असं डॉक्टरांनी त्याच नातेवाइकांना सांगितलं. त्यानंतर अबोला. दोघी जावांचं मात्र फोनवर उत्तम चाललेलं होतं. त्यांनीच आजचा बेत आखला. लहानपणी वडिलांनी दोघा भावांना खांद्यावर आणि कडेवर घेऊन एक घोडेस्वाराचा सिनेमा दाखवला होता. तो दोघांचा जीव की प्राण. दादानं यायचं, तो सिनेमा एकत्र पाहायचा आणि दाताचा विषय काढायचा नाही, असं ठरलं.

घोडेस्वाराची डिस्क अर्थातच वृद्धाश्रमात होती.

"मी जरा त्यांना जाब विचारतो," असं म्हणून डॉक्टरांनी फोन उचलला आणि मदत केंद्राचा नंबर फिरवला. पलीकडून एक मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "नमस्कार सर, काय मदत करू?"

"सिनेमा अर्ध्यावर अडकलाय! सकाळपासून!"

"सर, पट्टी हलतेय का बघता?"

डॉक्टरांनी मान वळवली. "आता तर अजिबातच हलत नाहीये!"

"सर, तुम्ही घरच्या फोनवरून बोलताय का?"

"मग काय शेजाऱ्यांच्या?"

"सर, फोन आणि सिनेमा एकाच तारेवर आहेत. तुम्ही बोलत असेपर्यंत सिनेमा उतरणार नाही."

डॉक्टरांचा जबडा त्यांच्या पेशंटांसारखा खाली गेला. "म्हणजे सिनेमा उतरत नाही ही तक्रार करायची, ती सिनेमा थांबवून करायची?"

"हो सर. आणि मध्ये थांबला की तो पुन्हा पहिल्यापासून उतरतो. पण काळजी करू नका हं, जरासुद्धा त्रास होणार नाही."

हा स्वर डॉक्टरांनी ओळखला. त्यांनी फोन आपटला. पट्टी डाव्या कडेला जाऊन नव्यानं सुरुवात करत होती.

आता कोणीही फोनला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. आणि फोन वाजू लागला.

"उचलू नकोस!" डॉक्टर ओरडले.

"अहो, वहिनींचा असेल. निघाले असतील."

"निघाले असतील तर येतील! उचललास तर पट्टी पुन्हा मागे जाईल!"

फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. डॉक्टरांनी त्याच्यावर सोफ्याच्या दोन उशा ठेवल्या. तरी तो उशांखालून कण्हत राहिला, तेव्हा ते स्वतः उशांवर बसले.

थोड्या वेळानं दारावरची घंटा वाजली. दारात वहिनी कसनुसं हसत उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे दादा, ओठ घट्ट मिटून.

"आम्ही येऊ नये असं वाटत होतं तर सरळ सांगायचं," दादा डॉक्टरांच्या बायकोला म्हणाला. "फोन नुसता वाजत ठेवायचा, ही कुठली रीत?"

"नाही हो दादा, तो सिनेमा…"

"सिनेमा काय?"

"उतरतोय," डॉक्टर उशांवरून म्हणाले. भावाशी वर्षभरानं बोललेला हा त्यांचा पहिला शब्द.

दादा सोफ्याच्या कडेला टेकला. त्यानं निळ्या पडद्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाला, "घोडा कुठाय?"

कोणी हसलं नाही. वहिनींनी हवापाण्याचा विषय काढून पाहिला. तो लगेच संपला.

"तुझ्याकडे याची डिस्क होती ना रे?" दादानं विचारलं.

"दिली."

"का?"

"डबा घेतला म्हणून."

"म्हणजे आधी उपटून टाकायचं आणि मग बघायचं, गरज होती का ते. तुझं सगळं असंच!"

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. विषय निघालेला होता.

"तो दात किडलेलाच होता!" डॉक्टर उभे राहिले.

"दुखत होता तो शेजारचा!"

"तू बोटानं दाखवलास तोच काढला!"

"मला आतलं दिसतं का? बघायचे पैसे तू घेतोस!"

"तुझ्याकडून घेतले मी पैसे?"

"घेतले असतेस तर निदान पावती दाखवून भांडलो असतो!"

आवाज इतके चढले की पडद्यावर काय घडलं ते आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. वहिनींनी नुसतं बोट दाखवलं. पट्टी बरीच पुढे येऊन नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी नवं वाक्य आलं होतं, 'काही अडचण आली आहे. कृपया मदत केंद्राशी बोला.'

दादा उठून पडद्याजवळ गेला, चष्मा कपाळावर सरकवून त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं आणि त्याच्या चेहऱ्यावर वेगळाच राग आला.

"'काही अडचण'? कुठली ते सांगायचं नाही, कोणाची ते सांगायचं नाही. धाकट्या, ही भाषा मी ओळखतो. तीस वर्षं मी हीच लिहिली. ह्यांना सोडायचं नाही!"

त्यानं खिशातून मोबाइल काढला. घरात कुठेच रेंज नव्हती. स्वयंपाकघरात नाही, गच्चीच्या दारात नाही. "खाली दवाखान्यात मिळते," डॉक्टर म्हणाले. "खिडकीजवळ."

दोघे भाऊ जिना उतरून गेले. खिडकीजवळ रेंज होती खरी, पण ती जिथे टिकत होती त्या जागी पेशंटची खुर्ची होती. दादानं खुर्चीकडे पाहिलं. या खुर्चीत पुन्हा बसणार नाही, हे त्यानं किमान दहा घरांत सांगितलेलं होतं. मोबाइलमधून आवाज आला, 'आपण रांगेत आहात,' आणि संगीत सुरू झालं. दादा खुर्चीत चढला. डॉक्टरांनी सवयीनं खुर्ची मागे कलवली आणि वरचा दिवा लावला.

"दिवा बंद कर. मी तोंड उघडणार नाही."

"बोलायला उघडावं लागेल."

दिवा बंद झाला. संगीत चालू राहिलं. मग एक मुलगी आली, तिनं दुसरीकडे जोडून दिलं. दुसरीनं तिसरीकडे. प्रत्येकीला दादानं सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि दर वेळी ते आधीच्याहून लांबलं. बाहेर अंधार पडला. डॉक्टर फिरत्या स्टुलावर बसून मुद्दे पुरवत होते. "सकाळपासून म्हण. पहिल्यापासून उतरतो तेही सांग. जरासुद्धा त्रास होणार नाही म्हणाली, ते सांग!"

शेवटी एक साहेब फोनवर आले. "सर, बॉक्सला काही मार लागला होता का? हाताळताना? कधी कधी हात जड पडतो."

डॉक्टरांनी स्टूल सोडलं. पण दादा त्यांच्याआधी ताडकन उठून बसला.

"कोणाचा हात जड? माझा भाऊ दातांचा डॉक्टर आहे! ह्या भागात त्याच्याइतका हलका हात कोणाचा नाही! माणसं झोपतात त्याच्या खुर्चीत! आणि तुम्ही त्याला सांगता, डबा आपटला म्हणून?"

साहेब म्हणाले, "एक मिनिट, सर, तपासतो," आणि पुन्हा संगीत लागलं.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "मग तो दात?"

"तो वेगळा विषय," दादा म्हणाला. "तो तू चुकीचाच काढलास. पण हलक्या हातानं काढलास."

डॉक्टरांनी खुर्ची थोडी वर घेतली, दादाच्या मानेला बरी पडेल अशी.

संगीत थांबलं. "सर, आमच्याकडे दिसतंय की तो सिनेमा मघाशीच उतरला आहे."

"दिसत असेल तुम्हाला! आम्हाला दिसला पाहिजे ना?"

"सर, तुमच्याकडे तो पाहिलाही आहे."

"कोणी?"

"ते आम्हाला कसं कळणार, सर? आत्ता शेवटच्या पाट्या चालू आहेत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग एकदमच वर. छतातून अगदी बारीक संगीत येत होतं. खुर्चीतून उतरताना दादाचा पाय अडकला, तरी जिन्यात तोच पुढे होता.

वर दिवा मालवलेला होता. दोघी जावा सोफ्यावर पाय वर घेऊन, एकाच शालीत बसल्या होत्या आणि वहिनी डोळे पुसत होत्या. पडद्यावर काळ्यावर पांढरी नावं वर सरकत होती.

"तुम्ही खाली गेलात आणि ती अडचण आपोआप गेली," बायको म्हणाली.

"मग हाक नाही मारायची?" डॉक्टर गरजले.

"आले होते की मारायला. दवाखान्याच्या दारापर्यंत आले होते. बघते तर तुम्ही दोघं मिळून तिसऱ्याच कोणावर तरी ओरडताय. वर्षभरात पहिल्यांदा. म्हटलं, चाललंय ते चालू दे."

"फार छान सिनेमा आहे हो, भाऊजी," वहिनी नाक ओढत म्हणाल्या. "तो घोडा तर…"

"सांगू नका!" दोघे भाऊ एका आवाजात ओरडले.

नावं संपली. पडदा निळा झाला. 'आपण पाहिलेला सिनेमा पुसण्यात आला आहे. पुन्हा उतरवायचा आहे का?'

डॉक्टरांनी रिमोटकडे हात नेला. दादानं तो धरला.

"दाबू नकोस. आपल्याला न विचारता पुसला कसा? आधी हा जाब विचारायचा." त्यानं मोबाइल कानाला लावून पाहिला. रेंज जिन्यातच तुटली होती. "चल खाली."

दोघे पुन्हा खाली गेले. साहेबांच्याही वरच्या साहेबांनी येत्या रविवारी संध्याकाळी स्वतः फोन करायचं कबूल केलं.

रविवारी दादा वेळेच्या बराच आधी आला आणि वर न येता थेट दवाखान्यात खुर्चीत जाऊन बसला. डॉक्टरांनी स्टूल पुढे ओढलं. आठवडाभरात दोघांनाही नवे मुद्दे सुचले होते, ते कोणी कधी मांडायचे यावरून थोडी बाचाबाची झाली. वरच्या मजल्यावर जावांनी शाल काढली आणि सकाळीच उतरवून ठेवलेला नवा सिनेमा लावला.

वरच्या साहेबांचा फोन शेवटपर्यंत आला नाही. त्याचा दोघा भावांना इतका संताप आला, इतका संताप आला की दादा जेवायला थांबला.