कोरड्या सालातला पाण्याचा पहारेकरी

बहात्तरच्या दुष्काळात अख्खा नगर जिल्हा आभाळाकडे पाणी मागत होता, तेव्हा भिंगारच्या आमच्या वाचनालयात एक माणूस पाणी येईल म्हणून धास्तावून बसला होता. कासमचाचा, तिथले शिपाई. आधी बाइंडिंग करायचे, भिजून आलेली पुस्तकं नीट करून द्यायचे.

सगळ्यात खालच्या फळ्या त्यांनी रिकाम्या ठेवलेल्या. कपाटांवर मेणकापड. दर गुरुवारी ते टाळी वाजवत, की वाचकांनी हातातलं वर्तमानपत्र टाकून पहिलं कपाट अंगणात रिकामं करायचं. तालीम म्हणे! पेन्शनीतले सुभेदारसुद्धा निमूट ओझी वाहत. मी म्हटलं, चाचा, विहिरी आटल्या, पाणी येणार कुठून?

"आलं तर तुमाला इचारून येनार न्हाई."

मला चीड आली. बाया टँकरपुढं हंड्यासाठी झोंबतात, आणि हे पुस्तकांना पाण्यापासून वाचवतात! तसं पत्रकच काढलं मी.

पुढं आमचा मोर्चा जिंकला, आळीला लोखंडी टाकी मिळाली. उंच जागा म्हणून ती वाचनालयाच्या गच्चीवर बसवायचा हट्ट माझाच. चाचा नको म्हणाले, तर मी त्यांना लोकविरोधी ठरवलं. आठव्या दिवशी सकाळी टाकीचा सांधा उकलला आणि पाणी छतातून थेट कपाटांवर.

निम्मी पुस्तकं मेणकापडानं वाचवली. उरलेली चिंब. मी घाईनं एक उघडायला गेलो, तर चाचांनी मनगट धरलं. ओलं पान ओढलं की फाटतं. उन्हात ठेवलं की आकसतं. सावलीत, वाऱ्यावर, आणि पान सुटेल तसा मध्ये कोरा कागद घालायचा. बुरशी धरायच्या आत तो बदलत राहायचा. मी पत्रकांचा गठ्ठा आणून दिला. नेमकं त्यांच्याविरुद्धचंच. त्यांनी ते शांतपणे वाचलं.

"ह्ये नको. शाई उतरंल पुस्तकात. कोरा आना."

पुढच्या मोर्च्याच्या पत्रकांसाठी आणलेला सगळा कोरा कागद मी दिला.

तीन दिवस हा माणूस पानं सोडवत होता, तान्ह्या बाळाची मूठ उघडावी तशी. मी सभा गाजवलेला माणूस, त्यांच्या हाताशी एकेक कोरा कागद देत होतो.

शेवटी त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. भिजून तिची वीट झाली होती. रोज वाचनालय बंद झाल्यावर चाची इथंच बसून ह्या वहीत अक्षरं गिरवायला शिकल्या होत्या, त्या वारण्याआधी. ही आधी का नाही सोडवलीत, मी विचारलं.

"ती माजी हाय. बाकीची लोकांची."

पानं सोडवायला सुरी आणू का म्हटलं. त्यांनी नको अशी मान हलवली आणि वही डोक्याच्या रुमालात गुंडाळली.

"आत काय हाय ते मला ठावं हाय. तोंडानं तिनं माजं नाव कधी घेतलं न्हाई. हितं पानंच्या पानं लिवलंय."