करंट चाखणारे भुजंगराव

भुजंगराव करंट चाखत. म्हणजे अगदी जिभेने. सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते अंगणात येत, मोटारीच्या बॅटरीला जोडलेल्या दोन तारा हातात घेत आणि डोळे मिटून त्यांची टोकं जिभेला लावत. एक झटका बसे, चष्मा नाकावर घसरे आणि मग ते निकाल देत, "आज जरा फिक्का आहे, मास्तर." घरच्या वरणाबद्दल आपण बोलतो त्याच सुरात. एकदा मलाही म्हणाले, "घेऊन तर बघा." मी आत्ताच चहा झाला म्हणून सांगितलं आणि घरात पळालो.

हैदराबादेत बरकतपुऱ्यात आमच्या दोघांच्या घरांना एकच भिंत होती. मी शाळेत शिकवत होतो, ते सरकारी दफ्तरात कारकून. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचं ठरलं तेव्हा राज्याबरोबर कारकुनांचीही वाटणी झाली. कानडी कारकून म्हैसूरकडे, तेलुगू इथेच आणि मराठी मुंबई राज्याकडे. भुजंगराव मूळचे परभणीकडचे, तेव्हा त्यांना हुकूम आला की दिवाळीनंतर औरंगाबादला हजर व्हा. मास्तर लोकांना कुणी वाटून घेतलं नाही, म्हणून मी राहिलो.

हुकूम भुजंगरावांना होता, पण अडून बसल्या सुशीलावहिनी. त्यांचा जन्म शहरातल्याच गौलीगुड्यातला. लग्न होऊन बरकतपुऱ्यात आल्या, तोच त्यांच्या लेखी परदेश होता. त्या म्हणाल्या, "मी माझं घर सोडून येणार नाही. तुम्ही जा." आणि भुजंगरावांना एकट्याला साधा चहा करून घेता येत नसे. वहिनी आल्या नाहीत तर हा माणूस तिकडे खानावळीत जेवून वाळणार, हे सगळ्या आळीला दिसत होतं.

यावर दुसऱ्या कुणी बायकोची समजूत घातली असती. भुजंगरावांनी मोटार घेतली. लढाईत जखमी शिपायांना वाहून नेणारी एक जुनी लष्करी गाडी लिलावात निघाली होती, ती ओढत घरी आणली आणि जाहीर केलं, "घर सोडायचं नाही ना? बिलकुल नका सोडू. घरच संगं नेऊ!" स्ट्रेचरच्या जागी पलंग आला. कोपऱ्यात स्टोव्ह, भिंतीला फडताळ, खिडक्यांना वहिनींच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. वहिनींनी सगळं पाहिलं आणि एकच अट घातली. "तिन्हीसांजेला माझ्या घरात दिवा लागतो. या डब्यात तो लागला आणि सकाळपर्यंत टिकला, तर मी बसेन."

इथून सगळं घोडं बॅटरीत अडलं. संध्याकाळी दिवा लागे, आमच्या जेवणापर्यंत पिवळा पडे आणि हात धुवून बाहेर यावं तर गेलेला असे. इंजिन चाललं की डायनॅमोने बॅटरी भरावी, अशी त्या गाडीची मूळ योजना होती. डायनॅमो मात्र तिथे केवळ शोभेला बसला होता.

भुजंगराव खचले नाहीत. रोज ते गाडीखालून तोंड काळं करून बाहेर येत आणि ओरडत, "मर्ज सापडला!" ते दुखणं रोज निराळं असे. एकदा डायनॅमोचा पट्टा सैल निघाला, तर त्यांनी त्या जागी लुगड्याचा काठ वळून लावला. काठ जरीचा होता. गाडी सुरू होताच जरीचे धागे उसवून इंजिनभर पसरले, आणि ते लुगडं माहेरचं होतं. पुढचे काही दिवस भुजंगराव आमच्याकडे जेवायला होते.

त्यांच्या दफ्तरातले ख्वाजामियां रोज संध्याकाळी येऊन कट्ट्यावर बसत आणि गाडीला नावं ठेवत. "अरे भुजंगराव, ये मोटर नक्को लेव बोला था मैं! औरंगाबाद कू रेल जाती ना, काचीगुडे से बैठो, आराम से उतरो!" काचीगुडा स्टेशन आमच्या घरून इतकं जवळ, की गाडीची शिट्टी झाल्यावर निघालं तरी चालेल. भुजंगराव म्हणत, "रेल्वेत घर मावत नाही, मियां." त्यावर ख्वाजामियां कपाळावर हात मारत आणि मग मुकाट्याने कंदील धरायला खाली वाकत.

दसऱ्याला तर कहर झाला. बॅटरी दुकानातून भरून आणली होती. तिच्यावरच्या खुणा झिजून गेलेल्या, म्हणून भुजंगरावांनी डोकं लढवून एका टोकाला कुंकू लावलं होतं आणि दुसऱ्याला हळद. कुंकू म्हणजे प्लस, हळद म्हणजे मायनस. ते आंघोळीला गेले आणि वहिनी वाहनपूजेला आल्या. बघतात तर एकीला नुसती हळद, दुसरीला नुसतं कुंकू! असं अर्धवट कुणी लावतं? त्यांनी दोन्ही टोकं ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली, दोघींनाही हळद आणि कुंकू लावलं, वर झेंडूचं एकेक फूल ठेवलं.

भुजंगराव आले. दोन्हीकडे पाहिलं. दोन्हीकडे जीभ लावली. "चव तर सारखीच आहे," म्हणाले आणि अंदाजाने तारा जोडल्या. अंदाज उलटा निघाला. इंजिन सुरू झालं तशी कट-आऊटची डबी, जी डायनॅमोचा करंट बॅटरीत सोडते आणि इंजिन थांबलं की अडवते, ती आधी गुणगुणली, मग तडतडली आणि मग तिच्यातून धूर निघाला. वहिनींना वाटलं पूजा पावली. त्यांनी हात जोडले.

"मर्ज सापडला," भुजंगराव खोकत म्हणाले. आणि खरोखरच सापडला होता! जळलेली डबी उघडली तेव्हा कळलं, की ती आधीपासूनच बिघडलेली होती आणि डायनॅमोने कमावलेलं सगळं गिळून बसत होती. ख्वाजामियांनी जुन्या बाजारातून दुसरी डबी पैदा केली. भाऊबीजेच्या संध्याकाळी गाडीत दिवा लागला, तो सकाळी पाणी भरायच्या वेळीही पांढरा स्वच्छ जळत होता. वहिनी पदराने डोळे पुसत डबे भरायला लागल्या. आमच्या आळीने टाळ्या वाजवल्या. आता ही माणसं जाणार, हे टाळ्या वाजवताना आमच्या ध्यानात आलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी भुजंगराव म्हणाले, "स्टार्टर घेत नाही. ढकलावं लागेल." सगळी आळी लागली. मास्तर म्हणून मी नुसता एक-दोन-तीन मोजायला उभा होतो, पण शेवटी मीही खांदा दिला. गाडी धडधडत सुरू झाली. "आता थांबता येणार नाही!" भुजंगराव खिडकीतून ओरडले, "थांबली तर परत सुरू व्हायची नाही!" आणि निरोपाचा एक शब्दही न होता गाडी वळणावर दिसेनाशी झाली. आम्ही तसेच उभे राहिलो. मला अतिशय वाईट वाटलं. असं कुणी जातं का?

तेवढ्यात मागच्या गल्लीतून धडधड ऐकू आली. भुजंगराव आळीला वळसा घालून परत आले होते! "राहिलंच की, मास्तर, तब्येतीला जपा!" आणि गेले. पुन्हा आले. या वेळी ख्वाजामियांनी पळत पळत कागदात गुंडाळलेली एक जादा कट-आऊटची डबी खिडकीतून आत टाकली. "रस्ते में काम आयेंगी, मियां!" पुन्हा गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी गाडीबरोबर धावत होतो, आणि वहिनींनी पडदा सारला.

"भावजी, बॅटरी गच्च भरलीय," त्या म्हणाल्या. "पहाटे स्टार्टर एका दाबात चालला, मी बघितलं. उतरून निरोप घ्यायची हिंमत नाही यांना. म्हणाले, खाली उतरलो तर परत चढायचा नाही मी."

भुजंगराव समोर बघत होते. चष्मा घसरला होता, पण तो वर करायला त्यांचे हात मोकळे नव्हते. मग त्यांनीच इंजिन बंद केलं. उतरले, ख्वाजामियांच्या गळ्यात पडले आणि आम्हां सगळ्यांसमोर मोठ्याने रडले. ख्वाजामियां म्हणत होते, "अरे कैकू रोते, यहीच तो है औरंगाबाद," आणि स्वतःही रडत होते.

शेवटी भुजंगराव गाडीत चढले. स्टार्टर दाबला. इंजिन पहिल्याच दाबात सुरू झालं. खोटं का बोललात, असं कुणी विचारलं नाही. गाडी आपली आपण चालत होती, तरी आम्ही सगळे तिला मागून हात लावून चौकापर्यंत गेलो.