देवळाबाहेर काढलेले बूट

रविवारी सकाळी मी ठरवलं, सुनेच्या बाईच्या डोक्यावर टोपलं घालायचं.

बाई म्हणजे खरीखुरी नव्हे, टीव्हीतली. आमची सून निशिगंधा कुरुळीच्या पुढं एका कंपनीत कामाला आहे. आठवडाभर चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बसते आणि सुट्टीला टीव्हीपुढं गेम खेळत बसते. त्यात तिची एक चिलखतवाली बाई आहे, बाईला घोडा आहे, चहूकडं डोंगर, नद्या, राक्षस आणि लांब तिकडं एक ड्रॅगन. त्या ड्रॅगनला आज मारायचं होतं. ते बघायला कंपनीतली मैत्रीण तनुजा खास जेवायला येणार होती. ड्रॅगन राहतो निखाऱ्यांवर, त्यामुळं तिथं जायला एक जादूचे बूट लागतात. ते बूट निशिगंधानं दिवाळीपासून खपून मिळवले होते. बूट नाहीत तर ड्रॅगन नाही.

ती तनुजाला आणायला निगडीला गेली. मुलगा ओव्हरटाइमला. आमची बायको कुसुम स्वयंपाकघरात. आणि रिमोट माझ्यासमोर. (माझ्यासारख्या माणसापुढं असल्या वस्तू ठेवून जाऊच नये. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या दारावर 'फ्लॅट भाड्याने देणे आहे' ही पाटी कुणी लावली, याचा तपास अजून चालू आहे. तपास समितीत मीही आहे.)

टोपलं काही सापडलं नाही. सापडला रस्ता. घोड्यावर बसलो आणि काय सांगू राव! पुढं एक कंटेनर नाही, सिग्नल नाही, मागून हॉर्न नाही. डावीकडं वळावंसं वाटलं, वळलो. 'कुठं निघालात?' म्हणून कुणी विचारलं नाही. लग्न झाल्यापासून असा प्रवास मी केला नव्हता. डोळ्यांत पाणीच आलं. (शाळेत मास्तर भूगोल शिकवताना आलं होतं, पण ते छडीमुळं.)

इतक्यात खालचा गॅरेजवाला इकबाल चहाला आला.

"उद्धवभाऊ, ड्रॅगन कुठाय?"

"हाय तिकडं. बसलाय."

"मग जा की!"

"घाई काय? सगळं गाव ओरडतंय, दुनिया बुडणार म्हणून. आणि मी इथं मासे धरतोय. कुणी मेमो देतंय का बघ."

इकबाल हळूच शेजारी टेकला. "आमच्या गॅरेजात पंक्चर सापडायच्या आधी लोक विचारतात, झालं का. सरका जरा. त्या टेकडीमागं काय आहे?"

टेकडीमागं देऊळ होतं. कुठल्या देवाचं, कोण जाणे, पण देऊळ ते देऊळ. गेममधल्या बाईचे कपडे कसे बदलायचे, ते सुनेचं बघून ठाऊक होतंच. तसं केलं, बूट काढले आणि पायरीवर नीट जोडून ठेवले.

"बरोबर," इकबाल म्हणाला. "आत पायताण घालून कसं जायचं?"

आम्ही दोघं हात जोडून आत गेलो, हात जोडून बाहेर आलो. पायरी मोकळी.

"गेले?"

"गेले."

"माझी नवी चप्पल अशीच गेली होती, जुम्म्याला. मशिदीबाहेरून."

"मग तू काय केलंस?"

"शेजारची घालून आलो."

हे मला पटलं. झाडाखाली एक मेंढपाळ झोपला होता. त्याचे बूट काढायला गेलो तर तो बोंबलत उठला. शिपाई आले. पुढच्या मिनिटाला बाई अनवाणी कोठडीत. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

"निघतो भाऊ," इकबाल उठला. "गिऱ्हाईक थांबलंय."

"अरे, रविवारी गॅरेज बंद असतं!"

"म्हणून तर थांबलंय बिचारं."

निशिगंधा आणि तनुजा आत आल्या. निशिगंधाची नजर टीव्हीवर गेली.

"बाबा, ही तुरुंगात का आहे?"

"चोरी केली तिनं."

"कशाची?"

"बुटांची."

"पण हिच्याकडं बूट होते की!"

"ते देवळाबाहेर काढले."

पोर पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. आयुष्यभर लोकांच्या फजित्या केल्या, पण कुणाचं एवढं हक्काचं काही घालवलं नव्हतं. मी सरळ कान धरले.

"बाई गं, चुकलो. मोडायचं नव्हतं मला, नुसतं टोपलं घालायचं होतं."

"काका," तनुजानं विचारलं, "तुम्ही गेममध्ये चप्पल काढली?"

"मग काय देवापुढं बूट घालून जाऊ?"

आधी तनुजाला हसू फुटलं, मग निशिगंधाला. सोफ्यावर बसून दोघी डोळे पुसायला लागल्या.

"अहो बाबा, काल मी गेम सेव्ह केलाय. तिथून लावला की बूट परत पायात. तुमची सकाळ तेवढी पुसली जाईल."

जीव भांड्यात पडला. जेवणं झाल्यावर ड्रॅगन पडला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो. इकबालही ओरडला. (गिऱ्हाईक गेलं होतं म्हणे.)

पण माझे मासे गेले, टेकडी गेली. मी कोपऱ्यात तोंड पाडून बसलो. शेवटी सुनेला दया आली आणि तिनं मला माझा स्वतःचा गडी करून दिला. मी पंचविशीचा, मिशीवाला निवडला. खेळ सुरू झाला, तर झोपडीतून एक म्हातारी आली आणि म्हणाली, "बाळा, विहिरीवरून पाणी आण." मी "आणतो आजी!" म्हणून बादल्या घेऊन पळत सुटलो.

मागं कुसुम पदराला हात पुसत उभी होती.

"अहो, या घरात दिवसाआड पाणी येतं, कधी तांब्या उचलला नाहीत. आणि त्या कोण कुठल्या म्हातारीला आजी?"

त्या दिवसापासून मी दोन्हीकडं पाणी भरतो. तिकडं भरलं की तुतारी वाजते आणि माझी लेव्हल वाढते. इकडं पिंपाचं झाकण उघडून कुसुम म्हणते, "अर्धंच आहे."