आधी उठायचं कोणी

"बोटीवर तीन वेळचं जेवण देतात, रिम्मा. तिकिटावर छापलंय."

"मलाही वाचता येतं. म्हणून काय कोंबडी भाजायची नाही?"

रिम्मा येगोरोव्हनाने भाजलेली कोंबडी चंदेरी कागदात घट्ट गुंडाळली, उकडलेली अंडी आणि मिठाच्या पुडीसकट एका पिशवीत कोंबली आणि बॅगेवर बसून चेन ओढली. तिचा नवरा व्हेन्यामीन खिडकीपाशी उभा होता. बायकोकडे त्याची पाठ होती आणि तोंड टोमॅटोच्या रोपांकडे. आमच्या सारातोवमध्ये मे महिन्यात कुठल्याही घराच्या खिडकीतून बाहेरचं काही दिसत नाही, दुधाच्या कापलेल्या खोक्यांत वाढवलेली टोमॅटोची रोपंच दिसतात. पण व्हेन्यामीनची रोपं म्हणजे व्हेन्यामीनची. त्यांच्याशी तो बोलायचा. बायकोशी बोलायचा त्यापेक्षा मऊ आवाजात बोलायचा.

रिम्माने अख्खी नोकरी ट्राम चालवण्यात घालवली. तिची ट्राम रोज नदीकडे उतरायची आणि वळणावर पांढऱ्याशुभ्र बोटी दिसायच्या. वरच्या डेकवर खुर्च्या टाकून लोक चहा पीत बसलेले असायचे. दर वर्षी ती घरी येऊन म्हणायची, "व्हेन्या, एकदा जाऊ या की रे." आणि दर वर्षी तो म्हणायचा, "जाऊ की. पुढच्या वर्षी." मे महिन्यात दाचावर, म्हणजे गावाबाहेरच्या बागेतल्या घरी, रोपं लावायची असत. जूनमध्ये तण काढायचं, जुलैत काकड्या, ऑगस्टमध्ये बरण्या भरायच्या, सप्टेंबरात बटाटे. हिवाळ्यात मात्र तो अगदी मोकळा असायचा, पण तेव्हा व्होल्गा गोठलेली असायची. आणि दाचावर दोघं कधी दोघंच नसत. आत्या असायची, आत्याच्या मैत्रिणी असायच्या, कुणाचे तरी पाहुणे असायचे. नवऱ्याबरोबर एका जागी स्वस्थ बसलोय आणि तो फक्त आपल्याशी बोलतोय, हे रिम्माने बोटीवरच्या लोकांच्या बाबतीतच पाहिलं होतं.

या वर्षी तिने विचारलंच नाही. तिकिटं आणून टेबलावर ठेवली.

"सारातोव ते कझान आणि परत. केबिन एक. माणसं दोन."

व्हेन्यामीनने तिकिटं उलटसुलट पाहिली. "आणि रोपं?"

"त्यांना वेगळी केबिन मिळाली नाही," रिम्मा म्हणाली.

रोपांची सोय लावायची म्हणून व्हेन्यामीनने आपल्या कपितोलिना आत्याला घरी राहायला बोलावलं. आत्या प्रेमळ होती, पण तिचं प्रेम पाण्याच्या रूपाने व्यक्त व्हायचं. गेल्या वर्षी तिने स्वतःची मिरचीची रोपं अक्षरशः बुडवून मारली होती. तेव्हा आत्यावर लक्ष ठेवायला म्हणून त्याने शेजारच्या तायसिया पेत्रोव्हनाला सांगितलं. आत्या आणि तायसिया तरुणपणी एकाच कारखान्यात कामाला होत्या आणि तेव्हापासून त्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं. दोघींमध्ये कुणीतरी समजूतदार माणूस हवा म्हणून मग दुसऱ्या मजल्यावरच्या प्लातोन सावेल्येविचला गळ घातली. हा अकॉर्डियनचा निवृत्त मास्तर, विधुर, काळ्याभोर मिशीचा आणि वागायला अतिशय सभ्य. त्याच्याकडे जुनी झिगुली गाडीही होती. तो म्हणाला, "तुम्हाला धक्क्यावर मीच सोडतो." फक्त एक गोष्ट व्हेन्यामीनच्या लक्षात आली नाही. प्लातोन सावेल्येविचवर दोन्ही बायांचा डोळा होता.

बोट चारला सुटायची होती. अडीचला सगळे दिवाणखान्यात जमले. आत्या ठेवणीतला झगा घालून आली होती. तायसिया केस कुरळे करून आली होती.

"निघायचं?" रिम्मा म्हणाली.

"अशीच कशी? आधी बसू या," आत्या म्हणाली.

प्रवासाला निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी घटकाभर गप्प बसायचं असतं. बसला नाहीत तर वाटेत काय होईल ते सांगता येत नाही, आणि आमच्याकडे कुणी ते करून पाहिलेलंही नाही. रिम्मा बॅगेवर बसली. व्हेन्यामीन स्टुलावर, बाया सोफ्याच्या दोन टोकांना आणि प्लातोन सावेल्येविच बरोबर त्यांच्या मधे. खोलीत शांतता पसरली. थोड्या वेळाने प्लातोनने गुडघ्यांवर थाप मारली आणि तो उठला.

"चला, देवाचं नाव घेऊन निघा!"

"बसा, बसा!" आत्या किंचाळली. "तुम्ही काय उठलात? सगळ्यात मोठं माणूस असतं ते आधी उठतं."

"अरे हो, चुकलोच," प्लातोन म्हणाला आणि घाईने बसला.

"आता बोललोही आपण. पहिल्यापासून बसावं लागणार," तायसियाने सांगितलं.

पुन्हा सगळे गप्प झाले. पुन्हा घटकाभर गेली, मग आणखी घटकाभर गेली. कुणीच उठेना. रिम्माने आत्याकडे पाहिलं. आत्या तायसियाकडे पाहत होती. तायसिया छताकडे पाहत होती.

"आत्या, उठ ना," शेवटी व्हेन्यामीन कुजबुजला.

"मी?" आत्याच्या गालांवर लाली चढली. "मी का म्हणून? माझ्याहून मोठी माणसं बसली आहेत इथं."

"कोण बरं?" तायसियाने गोड आवाजात विचारलं.

"नाव कशाला घ्यायचं? ज्याचं त्याला ठाऊक असतं."

"कपितोलिना निकिफोरोव्हना, मी कारखान्यात लागले तेव्हा तुम्ही तिथं आधीपासून होतात." तायसिया चिडली की एकदम 'तुम्ही'वर यायची.

"दोन महिने आधीपासून! आणि मी अगदी कोवळ्या वयात लागले होते. गागारिन अंतराळातून खाली आला तेव्हा मी तर पाळण्यात होते."

"पाळण्यात?" तायसिया सोफ्यावरून निम्मी उठली आणि उठणं धोक्याचं आहे हे आठवून धपकन बसली. "अगं, त्या दिवशी तू चौकात नाचत होतीस! टाचांचे बूट घालून! त्या उंच वेल्डरच्या खांद्यावर डोकं ठेवून!"

"आणि तू हे कुठून पाहिलंस? पाळण्यातून?"

प्लातोन सावेल्येविचने नम्रपणे घसा खाकरला आणि खिडकीतल्या रोपांकडे नजर लावली.

"मला... मला आईने सांगितलं होतं," तायसिया म्हणाली.

"तीन वाजले," रिम्मा म्हणाली.

"बघा, पुन्हा बोललात! आता परत बसा," दोघी एका सुरात ओरडल्या. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं पटलं.

व्हेन्यामीनने मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. म्हणाला, सगळ्यांनी एकदम उठू या. आत्या म्हणाली, तसं सगळे फक्त शोकसभेत उठतात. मग त्याने सुचवलं, मीच उठतो, घरचा कर्ता आहे. आत्याने त्याचा कोट धरून त्याला स्टुलावर ओढलं. "माझ्या मांडीवर वाढलास आणि माझ्याआधी उठतोस?"

"म्हणजे तूच मोठी!" तायसियाने टाळी वाजवली.

"त्याच्याहून मोठी म्हटलं. तुझ्याहून नाही!"

"मांडीवर वाढवलं, आणि पाळण्यातही तूच होतीस. पाळणा केवढा होता गं तुमच्याकडे?"

रिम्मा सगळं ऐकत होती. आधी तिला हसू येत होतं. मग येईनासं झालं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. घड्याळ त्याच्या समोरच्या भिंतीवर होतं, पण तो घड्याळाकडे पाहत नव्हता. कोपऱ्यातल्या एका रोपाची मान कलली होती, तिच्याकडे त्याचं लक्ष होतं. आणि त्याच्या चेहऱ्यावर, अगदी बारीकशी का होईना, सुटका झाल्यासारखी कळा होती. इतकी वर्षं 'पुढच्या वर्षी' ऐकताना नव्हतं वाटलं, एवढं वाईट रिम्माला त्या क्षणी वाटलं.

ती उठली.

"सगळ्यात म्हातारी मी," ती म्हणाली. "नव्वद वर्षांची. घ्या, उठले."

"अगं, तू तर यांच्यात सगळ्यात लहान..." व्हेन्यामीन म्हणाला.

"आज सकाळपर्यंत होते." तिने आपली बॅग उचलली. "येतोस?"

व्हेन्यामीन अर्धवट उठला. आत्याची मूठ अजून त्याच्या कोटावर होती. "बस रे! असं उठून गेलं तर वाटेत अपघात होतो!" आणि साठी उलटलेला तो माणूस लहानपणापासूनच्या सवयीने खाली बसला. "एकच मिनिट, रिम्मा. आत्ता आवरतो मी यांचं."

दार लागल्याचा आवाज आला. मग लिफ्टचा.

एका मिनिटात काही आवरलं नाही. उलट विषय कारखान्यातल्या त्या वेल्डरवर गेला आणि तिथेच रेंगाळला. शेवटी नदीच्या बाजूने बोटीचा लांबलचक भोंगा ऐकू आला, तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. आता कुणी आधी उठायचं याला काही अर्थ उरला नव्हता. तरीही प्लातोन सावेल्येविच सावकाश उठला आणि खाली मान घालून म्हणाला, "माफ करा. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. मिशीला रंग लावतो."

"आधी का नाही बोललात?" व्हेन्यामीन ओरडला.

"दोन बाया माझ्यासमोर आपलं वय चोरत होत्या हो," तो म्हणाला. "असा प्रसंग पुन्हा आयुष्यात कधी येणार होता?"

झिगुली नदीकाठी पोचली तेव्हा बोट पुलाखालून पलीकडे निघाली होती. व्हेन्यामीन धक्क्यावर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. त्याच्या अंगावर नवा कोट होता आणि हातात कोंबडीची पिशवी. रिम्माने ती मुद्दामच घरी ठेवली होती. तिथे उभं असताना त्याच्या ध्यानात आलं की घरात आता आत्या, तायसिया, प्लातोन आणि रोपंच असणार, आणि या सगळ्यांबरोबर आपल्याला पूर्ण आठवडा काढायचा आहे, मधे रिम्मा नसताना. त्याला धडकी भरली. मग नुसती धडकी नाही, रडूही आलं. त्याने फोन लावला.

"रिम्मा, माझं चुकलं."

"बरं."

"मी रात्रीच्या बसने निघतो. उद्या बोट समाराला लागेल, तिथल्या धक्क्यावर येतो. येऊ?"

"ये," ती म्हणाली. "पण एकटा ये."

दुसऱ्या दिवशी तो समाराला खरोखरच एकटा उभा होता. दाढी वाढलेली, कोट चुरगळलेला, हातात ट्यूलिपची जुडी. फुलं त्याने बरोबर विषम संख्येत घेतली होती, पण गर्दीत एकाचं डोकं तुटून पडलं हे त्याला कळलं नव्हतं. बोट लागली. रिम्मा वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या जेवणाच्या टेबलावरच्या बाया होत्या. त्यांची म्होरकी आस्त्राखानची अग्निया फोमिनिच्ना, एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका.

रिम्मा घाईघाईने खाली आली आणि तिने व्हेन्यामीनला जिन्याआड ओढलं.

"नीट ऐक. काल जेवताना या बायांनी विचारलं, नवरा कुठाय. मी फार रागात होते."

"मग? काय सांगितलंस?"

"विधवा आहे म्हटलं."

"कधी वारलो मी?"

"तीन वर्षं झाली. त्या फार रडल्या रे माझ्यासाठी. एकीने तर मला आपला केक दिला. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"मग मी कोण?"

रिम्मा उत्तर देणार तेवढ्यात अग्निया फोमिनिच्ना जिन्यावरून खाली उतरली. तिने व्हेन्यामीनला आपादमस्तक न्याहाळलं.

"हे कोण गं?"

"हे... ओळखीचे आहेत," रिम्मा म्हणाली. "जुन्या ओळखीचे. इथून पुढे कझानपर्यंत येणार आहेत."

अग्नियाने फुलं मोजली. सम निघाली. सम संख्येत फुलं आमच्याकडे फक्त मेलेल्या माणसाला वाहतात. ती गहिवरली. "बघ, किती समंजस माणूस आहे. तुला फुलं आणायची, तर आधी तुझ्या नवऱ्यासाठी आणली."

"मला त्याच्याबद्दल आदर होता," व्हेन्यामीन पुटपुटला.

"कशाला? रिम्माने सांगितलंय आम्हाला सगळं. बिचारीला आयुष्यात कुठे म्हणून नेलं नाही त्याने. देव त्याला क्षमा करो, मला काही ते जमणार नाही."

व्हेन्यामीनचे कान लाल झाले. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तो बायकोच्या समोर बसला. बायांच्या आठ डोळ्यांदेखत त्याने तिची खुर्ची सरकवून दिली, तिला सूप वाढलं आणि तिला चहात साखर किती लागते ते विचारलं. ते त्याला खरंच आठवत नव्हतं. मग तो तिला वरच्या डेकवर घेऊन गेला, दोन खुर्च्या ओढल्या आणि तिच्या खांद्यांवर आपला कोट घातला. लग्नाआधीही त्याने एवढं केलं नव्हतं. रिम्मा ट्रामच्या वळणाबद्दल सांगत राहिली आणि तो ऐकत राहिला. केबिन दोघांची एकच होती, पण ते अग्नियाला सांगायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला व्हेन्यामीन रिम्मासाठी आपणहून पॅनकेक आणायला उठला, तेव्हा अग्निया फोमिनिच्ना तिच्या कानाशी लागली.

"माणूस बरा दिसतोय. पण घाई करू नकोस हं. एकदा पोळलीस तू. नीट पारखून घे."

रिम्माने चहाचा घोट घेतला. काउंटरपाशी तिचा नवरा लोणी कुठे ठेवलंय ते शोधत होता.

"हो," ती म्हणाली. "कझानपर्यंत बघते."