सहाचे चार

नोव्हेंबर २००७, मंगळवार, दुपारचे चार. बॉयलर दुरुस्त करणारा येणार म्हणून गिरीश इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या भाड्याच्या घरात थांबला होता. आला तो अमेरिकेहून हार्लनचा ई-मेल. हार्लन म्हणजे क्लायंट. शुक्रवारी तो गिरीशच्या प्रोजेक्टचं कॉन्ट्रॅक्ट वाढवणार किंवा थांबवणार होता, आणि गिरीशचं वर्क परमिट त्या कॉन्ट्रॅक्टच्या शेपटाला बांधलेलं होतं.

ई-मेल मात्र फुटबॉलचा होता, त्यांच्या अमेरिकन फुटबॉलचा. गेल्या कॉलवर गिरीश बोलून गेला होता, की आमचे सासरे तुमच्या मॅचेस वहीत मांडतात. 'मग विचार त्यांना,' हार्लनने लिहिलं होतं, 'चेंडू घेऊन पळणाऱ्यांची जोडी कोणाची सरस? आमच्या निळ्यांची की त्या हिरव्यांची? आकडे पाठव.'

सासरे मुरलीधरपंत नागपुरात तीस वर्षं क्रिकेटचे स्कोअरर होते. लेकीकडे, सुप्रभाकडे, तीन महिन्यांसाठी आले, थंडीने घरात अडकले आणि टीव्हीवर दिसेल तो खेळ मांडू लागले.

"हिरवे," वहीवरची नजर न उचलता ते म्हणाले. "एक धिप्पाड, सरळ भिंतीत मुसंडी मारतो. दुसरा चपळ, कडेनं सटकतो. आलटूनपालटून पळतात, म्हणून दोघंही ताजे. निळ्यांचे दोघंही धिप्पाडच. त्यात सहा वेळा चेंडू हातून सोडला."

"बाबा, साहेब निळ्यांचा भक्त आहे. सहाचे चार करा ना."

"स्कोअरबुकात खाडाखोड? काहून बाप्पा? सख्ख्या भावाचं शून्य लिहिलंय मी याच हातानं."

"भावाच्या हातात तुमचा व्हिसा नव्हता, बाबा."

"तू नादी लागू नकोस त्यांच्या," चहा ठेवत सुप्रभा म्हणाली. "माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना बेरीज तपासून बाईंकडून दोन मार्क कमी करून आणलेत त्यांनी."

टाइप करताना गिरीशने सहाचे चार केले, निळ्यांना वर बसवलं आणि सेंड दाबलं.

साडेचारला फोन वाजला.

"चार?" हार्लनचा आवाज अगदी शांत होता. "सहा, गिरीश. सहाही वेळा मी रडलोय."

"ते टायपिंगमध्ये जरा..."

"सासरे आहेत? स्पीकरवर घे."

मुरलीधरपंतांनी सहा तारखा वाचून दाखवल्या. पलीकडे हार्लनने सहाही मोजल्या.

"म्हणजे हिरवेच सरस."

"येस सर," मुरलीधरपंत म्हणाले.

"ठाऊक होतं मला. गिरीश, जूनपासूनचे प्रोजेक्ट रिपोर्ट पुन्हा पाठव. पाठवण्याआधी या गृहस्थांच्या नजरेखालून जाऊ देत. शुक्रवारच्या आत."

सव्वापाचला डायनिंग टेबलावर रिपोर्ट पसरले होते आणि मुरलीधरपंत पेन्सिलीला टोक काढत होते.

"गिरीशराव, जूनमध्ये काम नव्वद टक्के झालं होतं?"

"हो, बाबा."

"जुलैतही नव्वद. ऑगस्ट, नव्वद. सप्टेंबर, नव्वद." त्यांनी चष्मा वर केला. "मग इतके दिवस चेंडू आहे कोणाकडे?"

गिरीशने सुप्रभाकडे पाहिलं. ती बॉयलरकडे पाहत होती.

सहा वाजले तरी ऑक्टोबरचा रिपोर्ट उघडायचा राहिला होता. बॉयलरवालाही आलेला नव्हता.