तांड्याच्या फाट्याचं भाडं

मोटारीचं भाडं वाढवायचं की नाही, हे धनसिंगजी राठोड एका पितळी लोट्याला विचारून ठरवत. मी थट्टा करत नाही. यवतमाळच्या ज्या खासगी मोटार कंपनीत मी तिकिटं फाडली, तिचे ते व्यवस्थापक होते. मालक असलेल्या शेठजींनी भाडेवाढीचा विषय काढला की धनसिंगजी लोटा काठोकाठ भरून घेत, मोटारीच्या शेवटच्या बाकावर बसत, लोटा मांडीवर धरत आणि त्या रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन येत. परत आल्यावर लोट्यात बोटं बुडवून पाणी किती उरलं ते बघत. अर्ध्याहून जास्त उरलं तर भाडं वाढे. कमी उरलं तर शेठजींनी कितीही आदळआपट केली तरी वाढत नसे.

"हाडाले त्रास द्याचा तं खिशाले द्याचा नाई," एवढं बोलून ते कामाला लागत.

मी बाभुळगावचा, नुकता मॅट्रिक झालेला, आणि त्या काळी मॅट्रिक झालेल्या माणसाला जगातलं सगळं कळत असे. पहिल्यांदा तो लोटा पाहिला तेव्हा मी तोंडावर हात ठेवून हसलो. धनसिंगजींनी ते पाहिलं. रागावले नाहीत. खाकी कोटाची बटणं लावत, कानातल्या चांदीच्या बाळीला हात लावत त्यांनी मला समोर बसवलं आणि समजावून सांगितलं. ते तांड्यातले. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. त्या धंद्याला ते लदेणी म्हणत. लदेणीचं भाडं तांड्याचा नायक ठरवी, आणि आकडा सांगण्याआधी तो एकेका बैलाच्या पाठीवरून हात फिरवी. कुठे सोललंय, कुठला खूर झिजलाय, हे पाही. व्यापारी ताटकळत उभा असे.

"भाडं बैलाले इचारून ठरोवा लागते," धनसिंगजी म्हणाले. "आता मोटरले पाठ नाई. म्हनून लोटा."

मोटारीला ते जनावरच म्हणत. सुटण्याआधी प्रत्येक टायरावर पंजा ठेवून ते थोडा वेळ गप्प उभे राहत, आणि कधीकधी भर उन्हात, पन्नास माणसं आत कोंबलेली असताना जाहीर करत, "जनावर दमलं हाये. अर्धा घंटा उभं राहू द्या." आतून ज्या शिव्या येत त्या मी इथे लिहिणार नाही. बायकाही त्यात मागे नसत.

सरकारने भाड्याची वरची हद्द बांधून दिली होती, पण तिच्या आत किती घ्यायचं हे कंपनीच्या हाती होतं. कंपनी म्हणजे धनसिंगजी. मात्र हे लोकांना कळू द्यायचं नाही, असा त्यांचा नियम होता. भाडं वाढलं की माझ्या खिडकीमागच्या फळ्यावर ते स्वतः खडूने नवा आकडा लिहीत, खाली 'व्यवस्थापनाच्या हुकुमावरून' असं सही नसलेलं वाक्य टाकत, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन गरीब कारकुनासारखं तोंड करून बसत. लोक खिडकीवर धावून येत. "कोनं वाढोलं?"

"वरून आलं, बापा," ते कोपऱ्यातून म्हणत. "आपल्या हाती काय हाये?"

आमच्या कचेरीच्या वर टिनाचं छप्पर होतं आणि त्याच्यावर दोन फाटके टायर. पण लोक मान डोलवत आणि नागपूरच्या कुठल्याशा साहेबाच्या नावाने बोटं मोडत निघून जात. धनसिंगजीही त्या साहेबाला दोन शब्द लावत.

लोट्याचं गुपित मात्र राहिलं नव्हतं; खिडकीवर मान डोलवणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. आमचा कंडक्टर पुंडलिक मेश्राम हा एक नंबरचा वस्ताद. छप्पनच्या दीक्षेला नागपूरला पायी गेला होता, आणि तेव्हापासून पांढराशुभ्र सदरा आणि ताठ मान हे दोन्ही त्याने कधी मळू दिलं नाही. धनसिंगजी लोटा घेऊन चढले की पुंडलिक घंटी एकदाच्या ऐवजी तीनदा मारी. ही खूण सगळ्या रस्त्याला ठाऊक होती. मग शेजारी बसलेली म्हातारी झोपेचं सोंग घेऊन धनसिंगजींच्या खांद्यावर पडे, पुढच्या बाकावरचा माणूस शिंका देत मागे रेले, आणि ड्रायव्हर असलेला आणि नसलेला प्रत्येक खड्डा शोधून काढी. धनसिंगजी दोन्ही हातांनी लोटा सांभाळत काच नसलेल्या खिडकीतून बाहेर पाहत राहत. त्यांना कळत नसे असं मला वाटे. मी मॅट्रिक होतो ना.

नवे पैसे सुरू झाले त्या साली शेठजींनी मारेगावच्या रस्त्यावर भाडेवाढ मागितली, तेव्हा धनसिंगजींनी मला सोबत घेतलं. "लिहून घेत जाजा, कुठं किती सांडते ते. या खेपेले गावागावाचं भाडं येगळं पाहू." मी वही घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. चार-साडेचार कोस गेल्यावर पुढे एक बैलगाडी लागली. रस्ता अरुंद. ड्रायव्हरने हॉर्न मारावा की नाही? नाही. गाडीच्या मागे मागे, बैलाच्या चालीने, आमची मोटार पाव कोस सरपटत गेली. आतल्या लोकांनी आरडाओरड केली. गाडीवर एक पागोटेवाला म्हातारा बसला होता, पाठ अशी ताठ की जणू मागे मोटार नाहीच. शेवटी रस्ता रुंद झाला आणि आम्ही बाजूने निघालो. त्याने मान वळवली नाही. धनसिंगजी मात्र लोटा सांभाळत उभे राहिले आणि मागच्या जाळीतून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले.

थोड्या वेळाने तांड्याचा फाटा आला. एक पळसाचं झाड, एक दगड आणि डावीकडे जाणारी पायवाट. रस्ता तिथे चांगला सपाट होता. धनसिंगजींनी माझ्याकडे न बघता अंगठ्याने लोटा कलता केला. अर्धं पाणी त्यांच्याच धोतरावर सांडलं.

"लिही," ते म्हणाले. "फाट्यावर लय सांडते."

मी लिहिलं. परतल्यावर पुंडलिकला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं. तो गाडीवरचा म्हातारा म्हणजे धनसिंगजींचे वडील, तांड्याचे नायक. लदेणी त्यांच्याही आधीच संपली होती, पण नायकाच्या सहा गाड्या भाड्याने चालत. आसपासच्या गाड्यांचं भाडं तोच ठरवी. मग मोटार आली, आणि तिच्यावर क्लीनर म्हणून पहिला चढला तो नायकाचाच पोरगा. बाप भांडला नाही. एवढंच म्हणाला, "जाय. पन माह्या बैलाले हॉर्न मारू नोको." त्यानंतर दोघांचं बोलणं नाही. नायकाने मोटारीला कधी हात लावला नाही. यवतमाळला बाजाराला येतो तो बैलगाडीने, पहाटे निघून दुपारी पोचतो.

"म्हनून फाट्याचं भाडं वाढत नाई," पुंडलिक म्हणाला. "साहेबाले वाटते, बुढा कधीतरी बसन. महाग झालं तं बसनार नाई."

मी लोट्याला हसायचं त्या दिवसापासून सोडलं.

पुढे बाकी सगळ्या गावांची भाडी तीनदा वाढली. आण्यांचे नवे पैसे करताना आम्ही सगळीकडे हिशेब वरच्या बाजूला ओढला, फाट्याचा तेवढा खाली. आता आपले लोक कसे असतात हे सांगायला नको. पुढच्या दोन गावचे लोक फाट्यापर्यंतचंच तिकीट काढू लागले आणि तिथून पायी जाऊ लागले. बाजाराच्या दिवशी मोटार फाट्यावर थांबली की तीस-तीस माणसं उतरत. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, डोक्यावर पेंडीचं पोतं घेतलेले गडी. पुढे मोटार जवळजवळ रिकामी धावे. एकदा शेठजी स्वतःच्या गाडीतून त्या रस्त्याने गेले आणि पळसाखाली ती जत्रा पाहून चक्रावले. कचेरीत येऊन त्यांनी विचारलं, "धनसिंगजी, तिथे शहर वसलं का काय?"

धनसिंगजी लोट्याकडे हात नेऊ लागले.

"लोटा राहू द्या," शेठजी म्हणाले. "मला आठ दिवसांत फाट्याचं भाडं बाकीच्या हिशेबाने पुरं पाहिजे. तुमच्याने होत नसेल तर त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवतो."

शेठजींचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण ते आठ दिवस मला आठवतात. धनसिंगजी टायरांना हात लावायचे विसरले. चहा बशीत ओतून तसाच निवत ठेवायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, "एखाद्यानं घरी जाऊन बापाले बोलावलं तं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याच्या दारात कोन्या तोंडानं उभा राहू?" म्हणाले. "मोटरीत बसला असता तं शेजारी बसलो असतो. बोलाचं काम नोव्हतं."

आठव्या दिवशी त्यांनी खडू घेतला आणि फाट्याचं भाडं बाकीच्यांच्या बरोबरीला आणून ठेवलं. नवा पैसाही कमी केला नाही. खडू खाली ठेवून म्हणाले, "आता तो कधीच येत नाई." लोकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणी वाढवलं. त्या दिवशी कोपऱ्यातून उत्तर आलं नाही. मलाच सांगावं लागलं, वरून आलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी अकराच्या मोटारीतून माणसं उतरली, आणि पुंडलिक नेहमीसारखा आधी उडी न मारता दारात हात देऊन उभा राहिला. त्याच्या हाताला हात न लावता पागोटेवाला म्हातारा खाली उतरला. सरळ माझ्या खिडकीशी आला.

"इथं भाडं कोन ठरोते?"

माझी जीभ सवयीने वळली. "वरून येते, बाबाजी."

"वर कोन हाये?"

माझ्या मागे खुर्ची सरकली. धनसिंगजी उठून खिडकीपर्यंत आले.

"मी ठरोलं, बा," ते म्हणाले.

बापलेकांची घरची बोली वेगळी, तांड्यातली. पण नायक बोलला तो वऱ्हाडीत, आवाज चढवून, उभ्या असलेल्या सगळ्यांना समजावं म्हणून. "इतके वर्सं तू मले भीक देत होता. सारा रस्ता म्हने, नायकाच्या पोरानं बापासाठी भाडं थांबोलं. तसा बसलो असतो तं पागोटं कायले बांधलं असतं? आपन भाडं घेनारे लोक, धनसिंग. पुरं घेनारे. आता तू पुरं घेतलं. म्हनून मी पुरं देल्लं आन बसलो."

सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्याने तिकीट काढून दाखवलं. मग तो मोटारीकडे गेला, टायरावर पंजा ठेवून बराच वेळ उभा राहिला, आणि म्हणाला, "मानसं लय भरता तुमी. जनावर दमते." गलका ऐकून शेठजी बाहेर आले होते. एरवी कोणाचं न ऐकणारे शेठजी "होय जी" म्हणाले.

संध्याकाळी पाचच्या मोटारीचं तिकीट नायकाने माझ्याच खिडकीवर घेतलं. मी धनसिंगजींकडे पाहिलं. "पुरं घे," ते म्हणाले. मी पुरं घेतलं. ते बापाला बसवायला मोटारीत चढले, शेजारी बसले, आणि मोटार सुटली तरी उतरले नाहीत. कचेरी बंद व्हायच्या आधी ते कधीच उठत नसत. त्या दिवशी कुलूप मी लावलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या मोटारीने ते आले. कोट झटकला, टेबलाशी बसले. मी चहा मागवला आणि विचारलं, तांडा कसा आहे.

"चार घरं वाढले," ते म्हणाले. कोटाची बटणं लावत म्हणाले, "बहिनीची पोरगी लग्नाची झाली. दारात तेच उभी होती. तिनं मले ओयखलं नाई. पाव्हना समजून पानी आनून देल्लं."

"मग?"

"मंग काय," धनसिंगजी म्हणाले. "पेलो."