पिवळ्या भिंतीचा कज्जा

श्रीजलदेवता सानुकूळ असो. शके सोळाशें त्र्याण्णव, खरनाम संवत्सरीं, समुद्रतीरींचे एके राज्यीं जें घडलें तें ऐकिलें तैसें लिहिलें, ऐसीजे. बंदर पुरातन, मातबर. घरें हिरवीं, तांबडीं, निळीं, आणि धक्क्यावरी आवडाई नाखविणीचें घर हळदीसारखें पिवळें. तें शोभेस्तव नव्हे. पिवळी भिंत आणि टेकडीवरील देवळाचा कळस एके रेषेंत धरोन तारवें आंत येत. रेष सुटली कीं खडक. मग सुभेदार नरसो गोविंद यांचे चित्तीं आलें कीं परमुलुखींचे पाहुणे यावे, आणि यावयाचीं कारणें लिहून जासूद चहूंकडे रवाना केले: बुरूज पाहावा, ताजी सुरमई खावी, धक्क्यावरील रंगांची आरास पाहावी. मग कोणी शहाण्यानें अर्ज केला कीं पिवळा डोळ्यांस टोंचतो, आणि सुभेदारांनीं हुकूम फर्मावून सारा धक्का गुलाबी करविला. आवडाई आडवी जाहली. "भिंत माझी नव्हे, दर्यावरल्यांची आहे. हात लावाल तर माणसें माराल!" शिपायांनीं तीस ओढून बाजूस केलें.

चवथे दिवशीं भरदुपारीं तिचा दीर भिवा नाखवा महिनाभराचे सफरीवरून परतला, आणि पिवळें शोधितां शोधितां त्यानें तारूं खडकावरी घातलें. भिवा फळीस धरोन तरला. राजबा आणि धर्मा, दोघे खलाशी, बुडाले. ते समयीं धक्क्यावरी पाहुण्यांची पंगत बसली होती. आवडाईची तिडीक मस्तकास गेली. तिनें आणि कोळणींनीं पाण्यांत उतरोन दोन्ही प्रेतें उचलिलीं आणि पानांपुढें आणून ठेविलीं, आणि आवडाई गर्जली, "साहेब, बंदर पाहावयाचीं कारणें लिहिलींत ना? हीं दोन लिहावयाचीं राहिलीं!"

सुभेदार वदले, "बाई, पाहुण्यांदेखत शोभा करितां?"

"शोभा तुम्हीं केली. आम्ही मढीं उचलितों."

एक वृद्ध पाहुणा, जन्माचा दर्यावर्दी, पान सारून उठला. मग सारी पंगत उठली. आवडाईनें घमेल्यांत पिवडी कालविली आणि ओल्या लुगड्यानिशीं भिंतीस भिडली, आणि मग कोळणी भिडल्या, आणि शिपाई खालीं पाहात उभे राहिले. सांजेपूर्वीं भिंत पिवळी जाहली.

तात्पर्य, सुभेदारांची चौकशी जाहली. दोष वाऱ्याचा निघाला. त्यांस थोरला सुभा मिळाला. राजबा आणि धर्मा यांचे घरीं नारळ आणि शेला पोंचला. आवडाईनें शेला दारांतूनच परत धाडिला. तिचा राग निवाला नाहीं, आणि निवावा ऐसें कोणीं कांहीं केलें नाहीं. हे हकीकत.